आईला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं. गोळी कायमची का? नाशिकला न्यावं का?

अमळनेरकर:
मंडळी, आईला (६८, बीपी आहे) धडधड, धाप सुरू झाली. ईसीजीत हे निघालं. ठोके आवरायची मेटोप्रोलोल आणि रक्त पातळ करायची अपिक्साबॅन चालू आहे. आता धडधड थांबली, तर म्हणते, बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला? पातळ करायची बंद केली तर चालेल का? आणि नाशिकला न्यावं की जळगावलाच दाखवावं?

तापीकाठ:
दादा, ती गोळी धडधडीची नाहीच. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचतं, गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. कित्येकांना धडधड जाणवतही नाही, धोका तेवढाच. ६५च्या पुढचं वय आणि बीपी, दोन्ही त्या हिशोबात धरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दिवसातून दोनदा असते, रात्रीची हमखास राहते.
नाशिकचं नंतर. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉईडची तपासणी झाली का?

शिरपूरवाला:
अर्जुनसालीचा काढा द्या. आमच्या आबांना फरक पडला.

कळण्याची_भाकर:
भाऊ, काढ्याच्या भरवशावर गोळी सोडायला सांगू नका हो.
इको कराच. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप बरीच आकसलेली निघाली, तर अपिक्साबॅन चालत नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिन नाहीतर अ‍ॅसिट्रॉम लागते, आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण २ ते ३ ठेवून. माझ्या सासूबाई त्यावरच आहेत. मेथी-पालक बंद नाही, पण आठवडाभर काहीच नाही आणि मग रोज दोन्ही वेळा, असं नको, आयएनआर हलतो. अपिक्साबॅनला हे पथ्य नाही. गुडघे दुखले म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक मात्र कुणालाच आणून देऊ नका, रक्तस्राव होतो.

अमळनेरकर:
इको राहिलाय, उद्याच करतो. घरच्या मशीनवर बीपी दरवेळी वेगळंच येतं, मशीन बिघडलं का?

तापीकाठ:
ठोके अनियमित असले की तसंच होतं. लागोपाठ तीनदा मोजून सरासरी काढा. गोळ्यांनी ठोके आवरले नाहीत किंवा अ‍ॅब्लेशनचा (नळी घालून हृदयातला ठोके बिघडवणारा भाग निकामी करायचा) विषय निघाला, तर नाशिक गाठा.
तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं, यातलं काही दिसलं तर थेट १०८. सीटी स्कॅन असेल तिथेच न्या आणि पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली ते आधी सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं.