ब्रसेल्समध्ये बिअर टेस्टिंगचा वर्ग: निवडताना काय बघावं, सोबत काय खावं?

वाट_तुडवणारी

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं सहा दिवस बेल्जियमला आहोत. तीन दिवस ब्रसेल्स, दोन ब्रूज, एक गेन्ट. ब्रसेल्सच्या मुक्कामात एका संध्याकाळी खाण्यासकट बिअर टेस्टिंगचा वर्ग करायचा आहे. जाहिराती बघून काही कळत नाही, सगळ्यांचं सारखंच: दोन-अडीच तास, पाच ते आठ बिअर, "स्थानिक पदार्थ".

मी शाकाहारी आहे (अंडं आणि चीज चालतं), नवरा मासे-चिकन खातो, बीफ-पोर्क दोघांनाही नको. आमची आजवरची बिअर म्हणजे इथली लागर, एवढंच. वर्ग चांगला की नाही हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं? एवढ्या बिअर एका बैठकीत झेपतात का? आणि माझ्या पानात नक्की काय येणार?

---

माल्टदाणा

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा. ब्रुअरीची टूर म्हणजे तांब्याची भांडी, जिने आणि शेवटी एक ग्लास. ब्रूजमध्ये द हाल्वे मानची टूर जरूर करा. या ब्रुअरीने २०१६ मध्ये शहराखालून तीन किलोमीटरहून लांब बिअरची पाइपलाइन टाकली आहे. पण टूरमध्ये चव घ्यायला कोणी शिकवत नाही. पबमधून फिरवणाऱ्या वॉकिंग टूरमध्ये दर ठिकाणी ग्लास वेगळा, तापमान वेगळं, मध्ये दहा मिनिटांची चाल, त्यामुळे दोन बिअरची तुलनाच होत नाही. तुम्हाला हवा तो तिसरा प्रकार: एका टेबलाशी बसून, दोन-दोन ग्लास शेजारी ठेवून चालणारा वर्ग.

पैसे भरण्याआधी मेलवर तीन प्रश्न विचारा.

पहिला, बिअरची नावं. यादीत निदान विट (गव्हाची फिकट, हलकी बिअर), सेझाँ (कोरडी, फिकट), डुबेल (तपकिरी, गोडसर), ट्रिपेल (सोनेरी स्ट्राँग), एक आंबट (ग्यूझ किंवा फ्लेमिश रेड) आणि एक काळपट स्ट्राँग असायला हवी. सहापैकी चार सोनेरी स्ट्राँगच असतील तर तो एकाच चवीचा वर्ग झाला. "ट्रॅपिस्ट" (त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मठांतली बिअर) म्हटलं असेल तर कोणती ते विचारा. बेल्जियममध्ये आज वेस्टमाले, वेस्टव्लेटरेन, शिमे, ऑर्वाल आणि रोशफोर या पाचच ट्रॅपिस्ट आहेत. त्यांची बिअर मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनते. बहुतेकींच्या लेबलवर षटकोनी शिक्का दिसेल. लेफसारखी "अ‍ॅबी" बिअर (मठाचं नाव लावलेली) वाईट असते असं नाही, पण ती ट्रॅपिस्ट नव्हे.

दुसरा, दर ग्लासात किती मिली. आणि तिसरा, खाणं प्रत्येक बिअरसोबत येतं की शेवटी एकच ताट. शेवटी ताट येणार असेल तर तो बिअर आणि पदार्थ यांच्या जोड्यांचा वर्ग नाही, तो चखणा आहे.

झेपण्याचा हिशोब सोपा आहे. सहा बिअर, प्रत्येकी १२० मिली, सरासरी ७.५ टक्के: ५४ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे ५२ मिली. म्हणजे अडीच तासांत माणशी एक मोठी स्ट्राँग बाटली. फसगत होते ती शेवटच्या ग्लासाला. रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची. तिचा १५० मिलीचा ग्लास घोटभर वाटतो, पण त्यात १७ मिली अल्कोहोल आहे, म्हणजे साध्या ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरएवढं. लागरच्या सवयीने मोठे घोट घेतले की नेमकी तिथेच चढते. टेबलावर ओतून टाकायला भांडं असतं, नसेल तर मागून घ्या. अर्धा ग्लास टाकण्यात काहीही कमीपणा नाही. वाईनसारखं थुंकायचं मात्र नाही, कारण हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा आणि नाकामागून येणारा वास गिळल्यावरच पुरता कळतो.

दुपारी नीट जेवून जा, पण तिखट नको. मिरचीने जीभ काही वेळ बधिर राहते. परफ्यूम, च्युइंगम आणि निघताना केलेलं ब्रश हे तिन्ही टाळा.

---

शाकाहारी_खवय्या

जेवणाचं मी सांगतो, कारण तिथे "व्हेजिटेरियन" म्हटल्यावरही दोन गोष्टी पानात येतात.

एक, बटाट्याच्या फ्राइट्स. बेल्जियममध्ये त्या परंपरेने बीफच्या चरबीत तळतात, दोनदा. बरीच दुकानं आता वनस्पती तेल वापरतात, पण पाटी बघून कळत नाही. विचारायलाच हवं. तुम्हा दोघांसाठीही हा पहिला प्रश्न असू द्या.

दोन, चीज. जुन्या पद्धतीच्या अनेक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. तुम्हाला ते चालत नसेल तर वर्गाच्या मेलमध्येच "मायक्रोबियल रेनेट" असं स्पष्ट लिहा. दुकानात विचारताना फ्रेंचमध्ये "प्रेझ्यूर", डचमध्ये "स्ट्रेमसेल" हा शब्द उपयोगी पडेल. ऐनवेळी टेबलावर विचारलंत तर शिकवणाऱ्यालाही उत्तर माहीत नसतं आणि तुमच्यापुढे नुसता ब्रेड उरतो.

नेहमीचे मांसाहारी पदार्थ: कार्बोनाद म्हणजे स्टोफव्लेस (बिअरमध्ये शिजवलेलं बीफ), हॅममध्ये गुंडाळलेलं शिकाँ (कडसर पानांची भाजी), सॉसेजसोबत स्टूम्प (भाज्या घालून कुस्करलेला बटाटा). हे तिन्ही तुमच्या यादीतून बाद. नवऱ्याला शिंपले चालत असतील तर विट किंवा ग्यूझसोबत ते (तिथे त्यांना "मूल" म्हणतात), नाहीतर करड्या कोलंबीची क्रोकेट्स, आणि गेन्टला चिकनचं वॉटरझोई (क्रीम घातलेला रस्सा), त्यासोबत ट्रिपेल.

तुमच्यासाठी सगळ्यात सुंदर जोडी ब्रसेल्सची स्वतःची आहे. जाड ब्रेडच्या कापावर प्लाटकास नावाचं ताजं चीज (आपल्या न गोड केलेल्या चक्क्यासारखं, थोडं सैल), वर मुळ्याच्या पातळ चकत्या, कांद्याची पात, मीठ, मिरपूड. त्यासोबत ग्यूझ. चक्क्याचा स्निग्धपणा जिभेवर पसरतो, ग्यूझचा आंबटपणा आणि बुडबुडे तो पुसून नेतात, आणि मुळ्याचा तिखट झटका दोघांच्या मध्ये बसतो. हे वर्गाच्या ताटात नसलं तर वेगळं जाऊन खा.

चीजचे चौकोनी तुकडे, सोबत मोहरीची चटणी आणि सेलरी-मीठ, हा तिथला घरगुती चखणा. डुबेलबरोबर फार चांगला लागतो. मोहरी बोटभर लावू नका, नाकात गेली की पुढचा ग्लास वाया गेला.

चॉकलेटबद्दल एक चूक सगळीकडे होते. काळी बिअर फ्रिजमधून थेट आणून चॉकलेटसोबत देतात. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. ४-५ अंशांची बिअर तोंडात गेली की ते पुन्हा घट्ट होतं आणि जिभेवर मेण लावल्यासारखं वाटतं. रोशफोर किंवा शिमे ब्लू १० ते १४ अंशांना हवी. ग्लास गार लागला तर दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरून ठेवा, मगच तुकडा तोंडात घाला. साधं ७० टक्क्यांचं चॉकलेट घ्या. भरलेल्या प्रलीनमध्ये नट, कॅरमल, लिकर इतकं काही असतं की बिअर त्यात हरवते.

---

जंगली_यीस्ट

वरच्या दोघांनी छान सांगितलंय. प्रत्यक्ष चव घ्यायची कशी हे राहिलं, आणि वर्गाचा खरा उपयोग तिथेच आहे.

ग्लास आधी बघा. कडेला आतून बुडबुडे चिकटून बसले असतील तर तो नीट धुतलेला नाही. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस टिकत नाही. लिपस्टिक आणि फ्राइट्सचे तेलकट ओठही फेस मारतात, म्हणून आधी वास आणि घोट, खाणं मग. ओतताना ग्लास ४५ अंश तिरपा, अर्ध्यावर आला की सरळ, वर दोन बोटं फेस. फेसातच निम्मा वास अडकलेला असतो, तो फुंकू नका. बाटलीत पुन्हा आंबवलेल्या बिअरचा तळचा सेंटीमीटरभर गाळ बाटलीतच ठेवतात. एकच बाटली पाच-सहा जणांत फिरली तर शेवटच्या ग्लासात गढूळ यीस्ट येतं आणि त्या माणसाला वेगळीच चव लागते. दहा-बाराहून मोठा गटही नको.

मग क्रम असा: आधी नुसता घोट, मग घास चावून अर्धा गिळायचा, तोंडात थोडा असतानाच दुसरा घोट, आणि तिसरा घोट तोंड रिकामं झाल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या घोटात जो फरक पडतो तीच जोडी. फरक पडलाच नाही तर तो पदार्थ तिथे नुसता भूक भागवायला आहे.

विटपासून सुरुवात करतील. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. डोळे मिटून वास घ्या, भाजलेल्या नव्हे, कच्च्या कुटलेल्या धण्याचा वास पटकन ओळखू येईल. १९५०च्या दशकात हुगार्डनमध्ये ही बिअर बंदच पडली होती, १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी ती पुन्हा सुरू केली. ट्रिपेलमध्ये लवंग-केळ्यासारखा वास येतो, तो मसाल्याचा नाही, यीस्टचा आहे. हे दोन ग्लास शेजारी ठेवले की घातलेला मसाला आणि आंबवण्यातून आलेला मसाला यातला फरक एका मिनिटात कळतो.

दोष ओळखायलाही शिकून घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. कुजकट, स्कंकसारखा उग्र वास म्हणजे हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीला ऊन लागलेलं. लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसेटिल, बहुतेकदा आंबवणं अर्धवट राहिल्याने. शिकवणाऱ्याला बेलाशक विचारा. जाणकार असेल तर लगेच बाटली बदलून देईल.

आता ग्यूझ. लागरची सवय असलेल्यांना पहिला घोट खराब झालेल्या बिअरसारखा वाटतो. कच्ची कैरी, लिंबाची साल, ओलं गवत, आणि मागे घोड्याच्या तबेल्याचा वास. हा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा आहे, आणि तो तिथे हवाच असतो. ग्यूझ ज्या बिअरपासून बनते त्या लॅम्बिकमध्ये यीस्ट घालत नाहीत. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि गव्हाचं उकळलेलं पाणीदार मिश्रण रात्रभर उघड्या उथळ भांड्यात थंड होतं आणि हवेतली यीस्ट त्यात उतरतात. रात्री गार लागतात म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. एक, दोन आणि तीन वर्षांचं लॅम्बिक मिसळून बाटलीत भरलं की ग्यूझ. ग्यूझच्या लेबलवर "औडे" किंवा "व्हिए" (म्हणजे जुनी) शब्द असेल तर ती सगळी लॅम्बिकचीच. तो शब्द नसलेली गोड चेरी-बिअर वर्गात "लॅम्बिक" म्हणून दिली तर ओळख चुकीची होते.

ब्रसेल्समध्ये आंडरलेख्टला कांतियों आहे, १९०० पासूनची, गार द्यू मिदी स्टेशनवरून चालत जाता येतं. वर्गाच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन या. उथळ भांडं डोळ्यांनी बघितल्यावर ग्लासातलं लवकर उमगतं.

---

वाट_तुडवणारी

खूप आभार सगळ्यांचे! दोन शंका. ग्यूझ क्रमात कुठे हवी? आणि परत येताना बाटल्या आणायच्या तर?

---

माल्टदाणा

क्रमाबद्दल साधा नियम: हलकी ते जड, कमी कडू ते जास्त कडू, भाजक्या माल्टची सगळ्यात शेवटी. ग्यूझ मी विटनंतर लगेच ठेवेन. तिच्यानंतर पाणी आणि साध्या ब्रेडचा तुकडा, मग डुबेल.

जंगली_यीस्ट

मला हे पटत नाही. ग्यूझनंतर डुबेल एकदम गुळमट लागते, जीभ आंबटावर सेट झालेली असते. मी ती मध्यावर, ट्रिपेलनंतर आणि काळ्या बिअरच्या आधी, दहा मिनिटांची सुट्टी घेऊन देईन. वर्गात जो क्रम असेल तो असू दे, पण ग्यूझचा एक घोट राखून ठेवा आणि शेवटी पुन्हा चाखा. तीच बिअर वेगळी वाटेल.

---

बॅगेचं_वजन

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला माणशी दोन लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते, बिअर त्यातच धरतात. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोबर बसतात. वजन सुमारे साडेतीन किलो. सातवी नको.

हँडबॅगेत चालणार नाही, चेक-इनमध्येच. बाटली फुटते ती हवेच्या दाबाने नव्हे, बहुतेकदा आदळण्याने, आणि मान सगळ्यात नाजूक असते. आधी झिपची पिशवी, वरून जाड मोजा, मानेभोवती दुसरा मोजा, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत. कडेला आणि चाकांजवळ ठेवू नका. विमानतळावरच्या दुकानातून घेतल्या आणि मध्ये आखाती विमानतळावर विमान बदलायचं असेल तर दुकानदाराने सील केलेली पिशवी मुंबईपर्यंत फोडू नका, नाहीतर मधल्या तपासणीत बाटल्या काढून घेतात.

घरी पोचल्यावर अंधारात, उभ्या, दोन दिवस तशाच ठेवा, म्हणजे हललेला गाळ खाली बसतो. ऑर्वाल आणत असाल तर दोन आणा. लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असते. एक ताजी असतानाच उघडा, तेव्हा हॉप्स जास्त लागतात. दुसरी आठ-दहा महिन्यांनी, तोवर बाटलीतल्या ब्रेटानोमायसिस यीस्टने साखर खाऊन ती कोरडी आणि मातकट केलेली असते. दोन्ही वेळी एकाच ग्लासात, साधारण १२ अंशांना.