हतनूरच्या फुगवट्यावर मे अखेरचा गळ : बूच हलतं, मासा लागत नाही

चटईवाला, जळगाव

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात लूमवर आहे. पाळ्या फिरत्या, रविवार तेवढा हातात असतो. गेले तीन रविवार वरणगाव ओलांडून तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याला, जातोय. तीन रविवारांत मिळून दोन चिलापी, तळहाताएवढ्या. बस.

सामान साधंच आहे : नऊ फुटी रॉड, रीळ, तंगूस (नायलॉनचा दोरा), छोटं शिसं आणि वर तरंगणारं बूच. आमिष म्हणजे कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून केलेला गोळा. गांडुळं मित्राच्या केळीच्या बागेतून आणतो. बाकी सगळी जमीन तडकलेली असली तरी ठिबकच्या नळीखाली ओल असते, तिथे चार-पाच मिळतातच.

घरून सातला निघतो, पोहोचेपर्यंत साडेआठ. बूच थरथरतं, दोन-तीनदा बुडाल्यासारखं होतं, ओढलं की गळ कोरा. कणीक गायब. एकदा लवकर पोहोचलो होतो तर आत पाण्यावर मोठमोठे मासे तोंड काढून उघडझाप करताना दिसले. त्यांच्यापुढे गोळा फेकला, ढुंकूनही पाहिलं नाही. दहानंतर काठावर उभं राहवत नाही, गेल्या रविवारी पारा ४५ वर होता.

माझे आजोबा तापीत रात्री दोरीचे गळ लावायचे. पहाटे उठून ते सोडवायला जायचे, एवढंच वडिलांना आठवतं. कुठे लावायचे, कशाचं आमिष, काही विचारून ठेवलं नाही कोणी. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती सारखी म्हणते मला पण ने. तिला नेण्याआधी मला स्वतःला तरी कळायला हवं. जागा, वेळ, आमिष, परवानगी, ज्याला जे माहीत असेल ते सांगा.

रेल्वेतून निवृत्त, भुसावळ

भाऊ, साडेआठला पोहोचून मे महिन्यात काही होत नाही. पाच वाजता गळ पाण्यात हवा आणि साडेआठला तुम्ही परतीच्या रस्त्याला. संध्याकाळी जायचं तर सहानंतर.

परवानगीचं : जलाशयात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, त्यांनी पैसे भरून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडलेली असते. काठावर त्यांचं कोणी ना कोणी असतंच. आधी जाऊन विचारा, एका गळाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. भिंतीजवळ आणि दरवाजांजवळ मात्र अजिबात जायचं नाही.

आणि गाळ. हे मी हात जोडून सांगतो. हतनूरमध्ये गाळ भयंकर साचलाय. पाणी उतरलं की वरून पापुद्रा वाळतो, भेगा पडतात, पक्की जमीन वाटते. सहा वर्षांपूर्वी अडकलेला गळ सोडवायला मी पंधरा पावलं पुढे गेलो आणि मांडीपर्यंत आत. जितका पाय ओढावा तितका दुसरा खाली. गाळपेरीत टरबूज लावलेल्या एका माणसाने लांब बांबू आडवा टाकला, त्यावर पोट टेकून सरपटत बाहेर आलो. तेव्हापासून हातात काठी असल्याशिवाय मी उतरत नाही. मुलीला नेणार असाल तर मुरमाचा किंवा खडकाचा काठ बघा, काळ्या मातीचा नको.

तापीकाठची भोईण

दादा, तुमची कणीक चिलापी खाते. ती काठालाच झुंडीने फिरते, तोंड लहान, गोळा कुरतडून नेते. म्हणून बूच थरथरतं आणि गळ कोरा येतो. मोठा मासा आता काठाला नाही.

मी भुसावळच्या बाजारात मासे विकते, बावीस वर्षं झाली. माझे वडील जाळं टाकायचे, आता नवरा थर्माकोलच्या तराफ्यावर जातो. माझं ऐका.

उन्हाळ्याच्या शेवटी धरण आटत आटत परत नदी होतं. पावसाळ्यात पसरलेलं पाणी सगळं उथळ, ते आधी उघडं पडतं, त्यावर गाळपेर होते. उरतं ते तापीचं जुनं पात्र आणि त्यातले डोह. मासा तिथे जाऊन बसतो, कारण खाली गारवा आहे. ते पात्र ओळखायचं कसं? ज्या बाजूला दरड उभी उतरते, त्या बाजूला पाणी खोल. जिथे टरबुजाची वाडी पार पाण्यापर्यंत गेलीय, तिथे पुढेही शंभर पावलं गुडघाभरच असेल. शिवाय जाळेवाल्यांचे प्लॅस्टिकचे डबे तरंगताना दिसतील, ते उगाच कोणी उथळात लावत नाही. डब्यांपासून लांब बसा, तंगूस जाळ्यात गुंतलं की जाळं फाटतं आणि आमचा दिवस जातो.

बूच काढून टाका. शिसं तळाला जाऊ द्या, गळाला गांडूळ. पहाटेच्या अंधारात शिंगाळा तळाला फिरतो. वामही लागते. शिंगाळा काढताना पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे सांभाळा, हाताला लागले तर दिवसभर ठणकतं. मुलीला हात लावू देऊ नका. रोहूसाठी ढेपीचा गोळा चालेल, पण लहान मासा फोडणार नाही इतका घट्ट मळा, आणि आदल्या संध्याकाळी त्याच जागी दोन मुठी ढेप टाकून या. तुम्ही जळगावचे, रोज येणं होणार नाही. काठावरच्या कोणाला सांगून ठेवा.

पहाटे तोंड काढणारे मासे खायला येत नाहीत. ते दम खायला येतात. त्यांच्यापुढे काहीही टाकलं तरी घेणार नाहीत. त्यांना त्रास देऊ नका.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मेच्या मध्यापासून माझ्या पाटीतल्या रोहू-मृगळाचं पोट कापलं की गाभोळी, म्हणजे अंडी, निघते. आधी थोडी, मग महिनाअखेरीला पोट भरून. गिऱ्हाईक मागून नेतं, मी विकते, ते लपवत नाही. जाळ्यात आलेला मासा वर येईपर्यंत मेलेला असतो, त्याला सोडून काय उपयोग. पण तुमच्या गळाचा मासा जिवंत हातात येतो. तुम्हाला ठरवता येतं, मला येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मादी ओळखायची तर पोट फुगलेलं आणि मऊ, मागचं द्वार लालसर. कल्ल्यामागच्या पंखावरून बोट फिरवा : नराचा खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मादी असली तर हात ओला करून धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका, गळ खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस कापा आणि पाण्यात सोडा.

माझे वडील मृगाची वाट बघायचे. चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात. वर विदर्भात पाऊस झाला की पूर्णेचं गढूळ पाणी आमच्याआधी येतं, आमच्याकडे अजून धूळ उडत असते. त्या पाण्याचा वास लागला की मासा प्रवाहाला चढायला लागतो. तेव्हा वडील जाळं उचलून घरात टांगायचे. घरात चार पोरं, रोजचं मीठ-मिरची त्या जाळ्यावर, तरी टांगायचे. आई बोलायची त्यांना. ते म्हणायचे, चढत्या माशाला अडवू नये. आता चढत्या माशाच्याच वाटेवर आडवी जाळी लागतात, आणि बारीक आसाची (छिद्रांची) लागतात. मला ते बघवत नाही.

कुणी, शिरपूर

पानी उतरनं का मरळ गारामा बठस, तठे बेंडूक लावा, मंग देखा.

विज्ञान शिकवतो, यावल

ताईंनी ‘दम खायला येतात’ म्हटलंय ते अगदी बरोबर आहे, त्यामागचं कारण सांगतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्रभर मात्र तेही तो वापरत असतं. म्हणून सूर्य उगवायच्या सुमाराला प्राणवायू सर्वात कमी. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्यात हे जास्तच जाणवतं. अशा वेळी गळाला लागलेला मासा फार वेळ खेळवला तर सोडूनही जगत नाही. जाड तंगूस वापरा, लवकर काढा.

गाभोळीबद्दल : रोहू, कटला, मृगळ हे मूळ गंगेच्या बाजूचे, आपल्याकडे बीज (लहान पिल्लं) सोडून आणलेले. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातला वाहता पूर लागतो. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची अंडी मिळवली, तेव्हापासून तलावात सोडायला बीज तयार करता येऊ लागलं. १० जुलै मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यासाठीच. एका किलोच्या रोहूच्या मादीत २ लाखांहून जास्त अंडी असतात. एक मादी सोडली तर किती सोडलं, याचा अंदाज येईल.

शिरपूरच्या भाऊंचं मरळीचं खरं आहे, ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून चिखलात टिकते. पण पाऊस पडल्यावर लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात. तिथे बेडूक टाकू नका.

दोन गोष्टी राहिल्या. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय आणि टिटवी अंडी घालतात, नुसत्या वाळूवर, दगडासारखीच दिसतात. बेटावर चढू नका. आणि वळवाचे ढग आले की रॉड खाली ठेवा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

चटईवाला, जळगाव

काल जाऊन आलो, म्हणून लिहितो. सर्वांचे आभार, ताईंचे विशेष.

शनिवारी दुसरी पाळी सुटल्यावर झोपलोच नाही. पावणेतीनला निघालो, मुलगी मागे, तिच्या मागे तिची आई. संस्थेच्या माणसाला आठवड्याआधी फोन करून विचारलं होतं. त्यानेच दरडीकडची जागा दाखवली, मुरमाचा काठ, आणि शनिवारी माझ्या वतीने ढेपही टाकून ठेवली होती. पैसे घेईना.

बूच काढलं, गांडूळ लावलं. पाच वाजून दहा मिनिटांनी रॉडचं टोक असं वाकलं की मुलगी ओरडलीच. शिंगाळा, पाऊण किलोच्या आसपास. काटे बघून ती दोन पावलं मागे सरकली आणि मग वाकून मिशा मोजत बसली.

सव्वासहाला घट्ट गोळ्यावर मृगळ लागला, दीड किलोचा तरी असेल. पंखावरून बोट फिरवलं, गुळगुळीत. पोट मऊ. खरं सांगतो, एक क्षण मन झालं नाही. तीन रविवार, पेट्रोल, आणि हा पहिला मोठा मासा. मुलीने विचारलं, पप्पा, हिच्या पोटात पिल्लं आहेत का? मी म्हटलं, अंडी आहेत. तिने स्वतःच हात ओले केले. दोघांनी मिळून पाण्यात धरला, बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि गेला.

शिंगाळा घरी आणला. काळ्या मसाल्यात रस्सा, कळण्याची भाकरी. वडिलांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, आजोबा बूच लावायचे नाहीत, नुसता दगड बांधायचे. इतकी वर्षं त्यांना ते आठवलं नव्हतं.

आता पुन्हा पाऊस ओसरल्यावरच. ताई, एक विचारायचं राहिलं : रात्रीचे दोरीचे गळ डोहात लावायचे तर एका दोरीला किती गळ, आणि दोन गळांत अंतर किती ठेवायचं?

तापीकाठची भोईण

वडील दहा लावायचे, दोन गळांत दोन हात अंतर. पण ते दिवाळीनंतर. तेव्हा बाजारात येऊन विचारा, दोरी वळून दाखवते. मुलीला आणा.