डेअरीतली मेंटेनन्स अप्रेंटिसशिप
वर एकाने विचारलंय की आयटीआय फिटर झाल्यावर डेअरीत अप्रेंटिस म्हणून जावं का, तिथे नुसतं ग्रीस मारायला लावतात म्हणे. अरे पण ते ग्रीसच बघ ना, एच१ फूड ग्रेड लागतं, म्हणजे चुकून अगदी थोडंसं दुधात गेलं तरी घातक नाही असं. काम झालं की स्पॅनर, नट, वॉशर सगळं मोजून परत, एक नट कमी भरला की लाईन सुरू होत नाही आणि सुपरवायझर डोकं खातो ते वेगळंच. सीआयपी, म्हणजे पाइप-टाक्या न उघडता आतून धुणं, नीट शिकून घे, आधी कॉस्टिक सोडा, मग पाणी, नायट्रिक अ‍ॅसिड, परत पाणी, गास्केट (जोडातल्या रबरी रिंगा) का फुगतात, पंपाचं सील का गळतं हे तिथेच कळतं. आणि स्वतःचं लोटोचं कुलूप, म्हणजे बंद केलेलं मशीन कोणी चुकून चालू करू नये म्हणून लावतात ते, लावल्याशिवाय मशीनमध्ये हात घालू नकोस, सिनियर काहीही म्हणो. स्टायपेंड कमी असतो हे मात्र खरंय.