पाइप ऑर्गनवाल्यांसारखा ग्रुप सांगलीत जमेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. भाचा अमेरिकेत असतो, त्याच्या गावात पाइप ऑर्गन वाजवणाऱ्यांचा ग्रुप आहे, म्हणजे अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स ही १८९६ पासूनची संस्था, तिची तिथली शाखा. ही लोकं एका दिवसात तीन-चार चर्च फिरतात, येईल त्याला वाजवायला बसवतात, पोरांना आत नेऊन पाइप दाखवतात आणि वर पिझ्झा खायला घालतात. कार्यक्रमाचं नावच पेडल्स, पाइप्स अँड पिझ्झा, बोला आता! आपल्याकडं तसला ऑर्गन कुठला, पण नाट्यसंगीताचा पायानं वाजवायचा आहेच की. वाजवणारे आहेत, काही घरात वाद्यं धूळ खात पडलीत. ग्रुप काढायचा तर सुरुवात कुठनं करू? (१८४३ चं सीता स्वयंवर नाटक, नाट्यपंढरी वगैरे नको, पाठ आहे सगळ्यांना.)

भातेवाला_मिरज:
आधी एक, ही दोन वेगळी वाद्यं. पाइप ऑर्गनमधे हवा पाइपात फुंकली जाते. आपल्यात पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या पट्ट्या असतात, पायानं भाता चालवला की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा सुरातनं आत ओढली जाते. पेटीत उलटं, तिथं आपण हवा ढकलतो. म्हणून ऑर्गनचा आवाज जरा गोल लागतो. पण नातं आहे बरं का, खुंट्यांवर (स्टॉप, ओढून आवाज बदलायचा) ८, ४ असे फूट लिहिलेले असतात ते पाइपवरनंच आलंय. ८ फुटाच्या स्टॉपला सगळ्यात खालच्या सी चा पाइप साधारण ८ फूट लांब, ४ म्हणजे एक सप्तक वर. आपल्या ऑर्गनात बोटाएवढी पट्टी, लेबल मात्र ८ फूट 😄 मागची फळी काढून पोरांना हेच दाखवा. फळी काढायच्या आधी उंदीर आहेत का बघा.

हळदबाजार:
कीबोर्डमधे एका बटणावर ऑर्गनचा टोन येतो की राव. एवढं धूड उचलायचं कशाला?

भातेवाला_मिरज:
टोन येतो हो, पण गायक तान घेऊन समेवर येताना गुडघ्यानं दांडी दाबून आवाज फुलवायचा, वर पायाचा दम कमी-जास्त करायचा, ते बटणावर कसं येणार? एकदा जवळ बसून ऐका, मग भांडू.

अजिंक्यतारा:
साताऱ्यातनं लिहितोय. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, लेटरहेड यात पडलात की संपलं, वर्ष त्यातच जाईल. आपल्याकडं ऑर्गनवाला कायम बाजूला बसलेला, निवेदक त्याचं नाव शेवटी घेतो, कधी तेही विसरतो. त्या लोकांचं मला आवडलं ते हे की वाद्यच मधे ठेवतात. तुम्ही पण गायकाशिवाय अर्धा तास नुसता ऑर्गन ठेवा. जागा म्हणाल तर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपास बघा, २०२४ ला तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, वाद्यं बघायला लोक येतातच, त्यात हेही बघतील. आणि खरा पाइप ऑर्गन बघायचा असेल तर मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलमधे आहे, फोर्टात गेलात की डोकावून या.

कृष्णाकाठ:
भारी, धन्यवाद. हरिपुरात एका ओळखीच्यांकडं चालू स्थितीतला आहे, ते द्यायला तयार आहेत पण माडीवर आहे आणि जिना अगदीच अरुंद. उतरवायला किती माणसं लागतील?

भातेवाला_मिरज:
उतरवू नका, सूर हलतील. पोरांनाच माडीवर न्या. भडंग मी आणतो.