मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात बदली शिक्षकाचं काम घ्यावं की बेकारी भत्त्यावर राहावं?

आयटीतली नोकरी गेली आहे, ईडीडीचा (राज्याच्या रोजगार खात्याचा) बेकारी भत्ता कमाल म्हणजे आठवड्याला 450 डॉलर मिळतो. पदवी असल्याने 30 दिवसांचं सबस्टिट्यूट परमिट (एका शिक्षकाच्या जागी कमाल 30 दिवस शिकवण्याचा परवाना) काढता येईल. रोजी 200 डॉलर धरून केलेलं गणित तपासून द्याल का?

कमाईतले 25 डॉलर किंवा 25 टक्के, जे जास्त असेल ते सोडून बाकी रक्कम भत्त्यातून कापतात. म्हणजे एक दिवस शिकवलं तर एकूण 500, दोन दिवसांना 550, तीन दिवसांना 600 आणि भत्ता शून्य. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची मेहनत फक्त 50 डॉलरची! अर्थात न मिळालेला भत्ता खात्यात शिल्लक राहतो, पण क्लेमचं वर्ष संपेपर्यंतच.

पगार महिन्याने आला तरी काम केलेल्या आठवड्यातच ढोबळ कमाई दाखवावी लागते. बहुतेक घोळ इथेच होतात.

खरी काळजी उन्हाळ्याची आहे. पुढच्या सत्रात काम देण्याची हमी शाळेने दिली, की शाळेच्या पगारावरचा भत्ता सुट्टीत बंद. आयटीच्या पगारावरचा क्लेम तेव्हा कुणाचा चालू राहिला का? कोणती कागदपत्रं मागितली? आणि सकाळी आलेला कॉल नाकारला, तर तो कामाला नकार म्हणून धरला गेला का?