लोणार का पाहावं? नागपूरकरांनो, आपापलं कारण सांगा

समृद्धी महामार्ग झाला तसं मेहकर जवळ आलं, आणि शिर्डीला जाता-येता लोणारकडे गाडी वळवणारे आपल्याकडे वाढले. बहुतेकजण काठावर फोटो काढतात नि निघतात. माझ्या मते एवढ्यात लोणार दिसत नाही. काठावरून सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर एका नजरेत मावतं. खाली झाडीत शिरलं की मागेपुढे नुसता कडाच कडा. जिथे उल्का आदळली तिथे आपण उभे आहोत, हे मला तेव्हा खरं वाटलं. जे खाली उतरले असतील त्यांनी नक्की लिहा.

भूशास्त्राची शिक्षिका, सेमिनरी हिल्स
सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या बेसाल्टची, तोच दगड लोणारला. त्याचे थर एरवी आडवे असतात, पण विवराच्या काठाशी ते उचलले जाऊन बाहेर कललेले दिसतात. मुलांना मी आधी हेच दाखवते. हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, यावर फार वर्षं वाद होता. १९७०च्या दशकात तळाशी छिद्रं घेतली, तेव्हा मास्केलिनाइट मिळालं. प्रचंड धक्क्याने दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीला तेवढा दाब जमत नाही. चंद्रावर आणि मंगळावरही बेसाल्ट आहे, त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येतात. मला याचा फार अभिमान वाटतो. वय मात्र पुन्हा मोजावं लागलं: आधी ५० हजार वर्षांच्या आसपास धरत, दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजल्यावर ते साधारण ५ लाख ७० हजार आलं.

मनीषनगर
आमच्या पोट्टीसाठी घरून हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कागद नेले होते. विवरातल्या तळ्याच्या पाण्याचा थेंब पडताच कागद लालसर! पाणी किती अल्कधर्मी आहे हे तिला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. मग विवराच्या उतारावरच्या गोड्या झऱ्याच्या, म्हणजे धारेच्या पाण्याचा थेंब टाकला, तर कागद पिवळाच. दोन्ही पाणी एकाच विवरात कसं, हे तिने परतीच्या वाटेवर वर्ध्यापर्यंत विचारलं. मुलं असतील तर हळद न्याच.

महाल
मी देवाला म्हणून गेली होती. गावातलं दैत्यसूदन मंदिर आधी पाहा. विष्णूने लवणासुराला मारलं ती कथा तिथलीच, आणि भिंतींवरची शिल्पं पाहायला निवांत वेळ हवा. मग गोमुखाची धार, आणि खाली तळ्याच्या काठाशी कमळजामातेचं देऊळ. सोबतच्या सुनेला शास्त्र ऐकायचं होतं, मला कथा ऐकायची होती. आमच्या वाटाड्याने दोन्ही सांगितलं. गावचा माणूस सोबत घ्या, बाई. नुसतं पाटी वाचून हे कळत नाही.

बजाजनगर
गुलाबी पाणी पाहायला जाणाऱ्यांसाठी लिहितो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, त्याचे नमुने आपल्या नीरीत (पर्यावरण संशोधन संस्था) आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, असं निघालं. हा रंग टिकत नाही. एरवी पाणी शेवाळाने हिरवं असतं, आणि मला तेच जास्त आवडतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. अभयारण्यही आहे, तेव्हा पहाटे मोर ऐकायचे असतील तर आदल्या रात्री मुक्कामी पोहोचा.

प्रश्न, सक्करदरा
बाबांचे गुडघे दुखतात. उतरणं जमेल का? नाहीतर वरूनच परत यायचं?

उत्तर, धागा सुरू करणारी
पूर्ण खाली नका नेऊ, चढताना दम लागतो आणि दगड निसटते आहेत. धारेपर्यंत पायऱ्या आहेत, तिथवर हळूहळू नेता येईल. पाऊस नुकताच झाला असेल तर तेही टाळा. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, तिथे त्यांना निवांत बसवा, आणि तुम्ही सकाळी लवकर एकटे खाली जाऊन या. डिसेंबर-जानेवारी बरा. आणि येऊन इथे लिहा.