२००२ चा वर्ल्ड कप खरंच एवढा भंगार होता का?

नवखा_विंगर:
मंडळी एक शंका आहे. मी फुटबॉल बघायला लागलो २०१४ पासून, त्यामुळे जुनं सगळं हायलाइट्सवरच बघितलंय. आमच्या ऑफिसात एक सिनियर आहेत, त्यांच्या मते २००२ चा जपान-कोरियाचा वर्ल्ड कप म्हणजे आजवरचा सगळ्यात फालतू, मोठ्या टीम आधीच घरी गेल्या, कोरियाला रेफ्रीने सेमीला नेलं आणि ब्राझीलला रस्ता मोकळा मिळाला. पण माझा मामा त्याच वर्ल्ड कपचं नाव काढलं की तासभर थांबत नाही. ज्यांनी तेव्हा लाइव्ह बघितलाय त्यांनी सांगा ना, नक्की काय होतं?

पेठेतला_स्टॉपर:
भावा तुझा मामा बरोबर हाय, त्या सिनियरला आमच्या कोल्हापुरात पाठव 😄

आधी टायमिंग बघ. एरवी वर्ल्ड कप म्हटलं की रात्रभर जागरण, आणि हिकडं आशियात पहिल्यांदाच असल्यामुळं मॅच दुपारी १२ ला, अडीचला नायतर संध्याकाळी ५ ला, म्हंजे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, सगळी टीव्हीपुढं. आमच्याकडं पेठेत अर्धे ब्राझील अर्धे अर्जेंटिना, हे काय नवीन न्हाई, पण तवा अर्जेंटिना ग्रुपमधनंच भायेर गेली (नायजेरियाला हरवलं, बेकहॅमच्या पेनल्टीवर इंग्लंडकडनं हरली, स्वीडनशी १-१) आणि अर्ध्या पेठेचे झेंडे एका दुपारीत उतरले की रं!

आणि पहिलीच मॅच आठव. ३१ मे, सोल. फ्रान्स म्हंजे वर्ल्ड कप आणि युरो दोन्हीचा चॅम्पियन, आणि सेनेगल पहिल्यांदाच आलेली टीम. पापा बूबा दिऑपनं गोल मारला, शर्ट काढून कॉर्नरच्या झेंड्यापाशी टाकला आणि सगळे त्याच्याभोवती नाचले. फ्रान्सकडं ऑन्री, त्रेझेगे, सिसे, तिघंबी त्या सीझनला आपापल्या लीगचे टॉप स्कोरर, आणि तीन मॅचमध्ये एक गोल न्हाई! झिदान आधीच मांडीला लागून बसलेला, तिसऱ्या मॅचला पट्टी बांधून आला पण काय उपयोग. ह्याला जर कोण फालतू म्हणत असंल तर त्याला फुटबॉल नको, नुसतं पॉइंट्स टेबल दाखवा.

शिट्टीवाला_पुणे:
दादा, सेनेगलचं सगळं मान्य, पण कोरियाच्या मॅचेसवरून तुम्ही गुपचूप पुढे गेलात 🙂

इटलीविरुद्ध रेफ्री इक्वाडोरचा बायरन मोरेनो. एक्स्ट्रा टाइममध्ये इटलीच्या टोटीला डाइव्ह म्हणून दुसरं यलो (म्हणजे मैदानाबाहेर), त्यांच्याच तोमासीचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द, आणि त्या वेळी गोल्डन गोलचा नियम होता, म्हणजे तो दिला असता तर मॅच तिथेच संपली असती. मग ११७ व्या मिनिटाला आन जुंग-ह्वानने हेडर मारला आणि इटली घरी. पुढे स्पेनविरुद्ध तर मोरिएंतेसचा गोल नाकारला, का तर होआकिनने क्रॉस मारण्याआधी बॉल बाहेर गेला होता म्हणे. रिप्लेत बॉल आत दिसतो, कुणीही बघा. शेवटी पेनल्टीवर कोरिया ५-३.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण लोक अर्धीच सांगतात. इटलीने ८८ व्या मिनिटापर्यंत १-० लीड धरून ठेवली होती आणि तिथे घोळ घातला, त्यानंतर लगेच व्हिएरीने गोलसमोरून बॉल वर मारला, ते काय मोरेनोने मारलं? आणि आनची पेनल्टी बुफॉनने सुरुवातीलाच अडवली होती, म्हणजे इटलीला नशिबाने काहीच दिलं नाही असंही नाही. कोरियाचा कोच हिडिंक, त्याने त्या पोरांना असं पळायला लावलं होतं की शेवटच्या अर्ध्या तासात समोरचे धापा टाकायचे. शिवाय पावसाळा टाळायचा म्हणून स्पर्धा लवकर घेतली, चॅम्पियन्स लीगची फायनल १५ मेला आणि वर्ल्ड कप ३१ मेला, युरोपात खेळणारे दमलेलेच आले. मोठ्या टीम का पडल्या ह्याचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे, पण रेफ्रीला शिव्या घालणं सोपं असतं ना.

सांगलीची_नऊ_नंबर:
तुम्ही दोघं भांडा, पण रोनाल्डो राहिलाच की! (मोठा रोनाल्डो हां, आताच्या पोरांना सांगावं लागतं.)

१९९८ च्या फायनलच्या दिवशी आजारी पडला, नंतर २००० ला परत मैदानात आला आणि काही मिनिटांत गुडघा पुन्हा गेला, लोक म्हणत होते संपला. ब्राझील क्वालिफायरमध्ये सहा मॅच हरलेली, कोच स्कोलारीने रोमारिओला घेतलं नाही म्हणून तिकडे बोंबाबोंब. आणि हा माणूस ८ गोल मारतो. सेमीच्या आधी ती डोक्यावर पुढे त्रिकोण ठेवलेली हेअरस्टाइल केली, नंतर त्यानेच सांगितलं की दुखापतीबद्दलचे प्रश्न थांबावेत म्हणून केली. आमच्या गल्लीत पोरांनी तसे केस कापून घेतले आणि घरी मार खाल्ला, ती वेगळी गोष्ट.

"रस्ता मोकळा मिळाला" हे मात्र पटत नाही. सातही मॅच जिंकल्या, इंग्लंडविरुद्ध रोनाल्डिन्होला रेड मिळाल्यावर दहा जणांनी २-१ राखली. फायनलला समोर जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान, तोपर्यंत त्याने पूर्ण स्पर्धेत फक्त एक गोल खाल्लेला, तोही आयर्लंडच्या रॉबी कीनचा अगदी शेवटी. रिवाल्डोचा शॉट त्याच्या हातातून सुटला आणि रोनाल्डो तिथेच. रविवार होता, साडेचारची मॅच, घरातले सगळे बघत होते, आजीला जर्मनीचा गोलकीपर बिचारा वाटला.

आणि हो, रिवाल्डोने टर्कीविरुद्ध बॉल मांडीला लागल्यावर तोंड धरून लोळण घेतली होती, ते मला अजून आवडत नाही, ब्राझीलवाली असले तरी.

नवखा_विंगर:
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना 🙏 दादा, सिनियरना तुमची पोस्ट दाखवली, ते म्हणाले "कोल्हापूरवाल्यांशी फुटबॉलवर वाद नको". पण एक राहिलं, सेमीत जर्मनीच्या बालाकने यलो घेतलं, चार मिनिटांनी त्यानेच विनिंग गोल मारला आणि त्या यलोमुळे फायनलला बाहेर, तो असता तर जर्मनी जिंकली असती का?

पेठेतला_स्टॉपर:
न्हाई. ब्राझीलनं २-० मारली, ती २-१ झाली असती.

शिट्टीवाला_पुणे:
हे बघा, परत सुरू झाले 😅 बालाक असता तर मिडफिल्ड जर्मनीकडेच राहिलं असतं, ब्राझीलचा क्लेबरसन एवढा मोकळा पळाला नसता. ह्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.